तांग यिंग

तांग यिंग (इ.स. १६८२ – इ.स. १७५६) हे चीनमधील छिंग राजवंशाच्या काळातील अधिकारी, मृत्तिकातज्ज्ञ, लेखक व नाटककार होते. योंगझेंग व छ्येनलोंग या दोन सम्राटांच्या कारकिर्दीत ज्यांगशी प्रांतातील जिंगदेझेन येथील शाही पोर्सलिन कारखान्याची देखरेख त्यांच्याकडे होती. इ.स. १७२८ पासून मृत्यूपर्यंत, मधला थोडा काळ वगळता, ते या कामाशी निगडित राहिले. त्यांच्या देखरेखीखाली तयार झालेली भांडी चिनी ग्रंथांत ‘तांग भट्टी’ या नावाने ओळखली जातात. तांबड्या, निळ्या, पिवळ्या, काळ्या व फिकट हिरव्या अशा एकरंगी झिलईच्या शाही भांड्यांचा या काळात मोठा विकास झाला. सोंग व मिंग काळातील जुन्या झिलया पुन्हा साधणे आणि नव्या झिलया सिद्ध करणे ही दोन्ही कामे तेथे एकाच वेळी चालू होती. पोर्सलिन निर्मितीविषयीचे त्यांचे लेखन हे या उद्योगाच्या इतिहासाचे प्रमुख साधन मानले जाते.

प्रारंभिक जीवन

तांग यिंग यांचे घराणे मूळचे शेनयांगचे. ते वंशाने हान होते. मात्र मांचू सत्तेच्या निशाण-व्यवस्थेत साध्या पांढऱ्या निशाणाच्या पथकात त्यांची गणना होत असे आणि हे घराणे सम्राटाच्या खासगी कारभाराशी पिढीजात सेवेने बांधलेले होते. अशा घराण्यांतील मुलांना लहान वयातच राजवाड्यात चाकरीस घेतले जाई. तांग यिंग यांनीही वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास, कांग्शी सम्राटाच्या काळात, बीजिंगच्या राजवाड्यात सेवेस प्रारंभ केला. चित्रकला, सुलेखन व काव्य यांचे शिक्षण त्यांनी सेवेत असतानाच आत्मसात केले.

इ.स. १७२३ मध्ये योंगझेंग सम्राटाच्या राज्यारोहणानंतर शाही गृहविभागात त्यांना साहाय्यक संचालकाच्या दर्जाचे पद मिळाले. राजवाड्यातील कार्यशाळा त्या वेळी सम्राटाचे धाकटे बंधू राजपुत्र यी यांच्या अधिकारात होत्या. तेथे तांग यिंग यांनी कलावस्तूंचे आराखडे तयार करण्याचे काम केले. वस्तूचा आकार, प्रमाण व सजावट यांची त्यांची जाण याच काळात घडली. माती व भट्टी यांच्याशी मात्र त्यांचा प्रत्यक्ष संबंध आलेला नव्हता.

जिंगदेझेन येथील नियुक्ती

जिंगदेझेन हे छांग नदीकाठचे गाव शतकानुशतके पोर्सलिनसाठी प्रसिद्ध होते. आसपासच्या डोंगरांतून केओलीन व पोर्सलिनचा दगड मिळे, पाइनचे सरपण मुबलक होते आणि तयार माल नदीमार्गे बाहेर पाठविता येई. मिंग काळापासून तेथील झूशान टेकडीच्या परिसरात शाही कारखाना होता. छिंग काळात भांडी घडविणे, त्यांना झिलई देणे व रंगविणे ही कामे कारखान्यात होत. भाजण्याचे काम मात्र बहुतांशी गावातील खासगी भट्ट्यांत मोबदला देऊन करून घेतले जाई. तांग यिंग यांच्या लेखनानुसार गावात अशा २०० ते ३०० भट्ट्या होत्या.

इ.स. १७२८ मध्ये राजपुत्र यी यांच्यामार्फत आलेल्या आदेशानुसार तांग यिंग जिंगदेझेनला गेले. त्या वेळी ते ४६ वर्षांचे होते. कारखान्याचे प्रमुख न्यान शीयाओ हे दूरच्या ह्वायआन येथील जकात कार्यालयाचे अधिकारी होते व तेथूनच कारभार पाहत असत. प्रत्यक्ष जागेवर राहून काम करून घेण्याची जबाबदारी तांग यिंग यांच्यावर आली.

आरंभीच्या अडचणीचे वर्णन त्यांनी स्वतः नंतर लिहून ठेवले आहे. माती, झिलई व आच यांविषयी काहीच माहिती नसल्याने कारागीर जे सांगतील त्याला मान डोलावण्यापलीकडे त्यांना गत्यंतर नव्हते. यावर त्यांनी भेटीगाठी व मेजवान्या बंद केल्या आणि तीन वर्षे कारागिरांबरोबरच जेवण व विश्रांती घेत कामाचा प्रत्येक टप्पा शिकून घेतला. इ.स. १७३१ पर्यंत कच्च्या मालाचे गुणधर्म व आचेचे परिणाम त्यांना बऱ्याच अंशी उमगले आणि कारागिरांना स्वतःच्या कल्पनेनुसार सूचना देता येऊ लागल्या. राजदरबारातून आलेल्या अधिकाऱ्याने कारागिरांच्या पंगतीला बसणे ही त्या काळच्या सामाजिक उतरंडीत असाधारण गोष्ट होती. पुढे त्यांनी स्वतःचा उल्लेख ‘कुंभार’ असाच केला आणि आपल्या गद्य-पद्य लेखनाच्या संग्रहालाही ‘कुंभाराचे मनोगत’ या अर्थाचे नाव दिले.

एकरंगी झिलईची भांडी

एकरंगी झिलईच्या भांड्यावर चित्र किंवा नक्षी नसल्याने दोष झाकता येत नाही. मातीतील बारीक खडा, झिलईतील टाचणीच्या टोकाएवढे छिद्र किंवा काठावर विरळ झालेला रंग लगेच नजरेस पडतो. त्यामुळे साधी दिसणारी ही भांडी कारखान्यातील सर्वांत अवघड भांड्यांपैकी होती. रंग केवळ झिलईत मिसळलेल्या धातूवर अवलंबून नसून भट्टीतील हवेवरही अवलंबून असतो. लोहयुक्त झिलई ऑक्सिजन कमी असलेल्या ज्वालेत हिरवट-निळसर होते, तर भरपूर हवेत पिवळी किंवा तपकिरी होते. तांब्यापासून लाल रंग मिळविणे त्याहून कठीण असते. हवा किंचित वाढली तर लाल रंग जाऊन हिरवट छटा येते आणि आच जास्त झाली तर तांबे उडून जाऊन झिलई फिकी पडते.

मिंग काळातील श्वेनद सम्राटाच्या (कारकीर्द इ.स. १४२५–१४३५) वेळची तांबडी भांडी आदर्श मानली जात. त्यानंतर ही हातोटी जवळजवळ लुप्त झाली आणि सोळाव्या शतकात तिच्या जागी लोहापासून केलेला, कमी तापमानावर भाजलेला लाल रंग वापरला जाऊ लागला. कांग्शी काळात लांग थिंगजी यांच्या देखरेखीखाली तांब्याच्या लाल झिलईचे पुनरुज्जीवन झाले. तांग यिंग यांच्या काळात ती अधिक स्थिर झाली. त्यांच्या यादीत श्वेनद पद्धतीच्या यज्ञीय लाल झिलईचे दोन प्रकार नोंदविलेले आहेत : एक तेजस्वी लाल व दुसरा माणकासारखा.

सोंग काळातील झिलयांच्या अनुकरणासाठी राजवाड्यातील अस्सल नमुन्यांचा आधार घेतला जाई. रू भट्टीच्या फिकट निळसर झिलईसाठी मांजराच्या खाद्याची बशी या नावाने ओळखले जाणारे सोंगकालीन पसरट पात्र प्रमाण मानले गेले. ग, ग्वान व लोंगछ्वेन या भट्ट्यांच्या झिलयाही अशाच रीतीने साधण्यात आल्या. जून भट्टीच्या जांभळट-निळ्या झिलईसाठी तांग यिंग यांनी इ.स. १७२९ मध्ये आपले साहाय्यक वू याओफू यांना हनान प्रांतात, या भट्ट्यांच्या मूळ प्रदेशात, कृतीचा शोध घेण्यासाठी पाठविले. त्यांना निरोप देताना तांग यिंग यांनी कविताही लिहिली. या प्रयत्नांतून जून झिलईचे नऊ प्रकार सिद्ध झाले. त्यांपैकी पाच राजवाड्यातील जुन्या भांड्यांवरून घेतलेले होते व चार नवे होते. लाल पृष्ठभागावर निळे-जांभळे ओघळ दिसणारी भट्टीपालट झिलई याच प्रयोगांशी संबंधित आहे.

नव्या रंगांत सोन्याच्या सूक्ष्म कणांपासून मिळणारा गुलाबी, आरशासारखा काळा, तसेच चहाच्या भुकटीसारख्या दिसणाऱ्या झिलईच्या वर्गातील वाम माशासारखा पिवळा व सापाच्या कातेसारखा हिरवा हे रंग उल्लेखनीय आहेत. योंगझेंग सम्राटाला सौम्य रंग व साधे आकार विशेष प्रिय होते. त्याच्या कारकिर्दीच्या अकराव्या वर्षाच्या अखेरीस शेवंतीच्या पाकळ्यांच्या आकाराच्या बारा बशा, प्रत्येक वेगळ्या रंगाची, न्यान शीयाओ यांनी दरबारात सादर केल्या. त्या पसंत पडून प्रत्येक रंगाच्या ४० बशा करण्याचा आदेश निघाला. अशा बारा रंगांच्या बशांचा संच बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे.

रंग व राजशिष्टाचार

शाही भांड्यांचा रंग हा केवळ आवडीचा विषय नव्हता. मिंग काळात इ.स. १५३० मध्ये ठरलेल्या प्रथेनुसार स्वर्गाच्या वेदीसाठी निळी, पृथ्वीच्या वेदीसाठी पिवळी, सूर्याच्या वेदीसाठी तांबडी आणि चंद्राच्या वेदीसाठी पांढरी भांडी वापरली जात. इ.स. १७४८ मध्ये छ्येनलोंग सम्राटाने यज्ञपात्रांची नव्याने निश्चिती केली आणि प्राचीन कांस्यपात्रांच्या आकाराची एकरंगी पोर्सलिन पात्रे तयार करण्यात आली. या बदलाच्या वेळी कारखाना तांग यिंग यांच्याच देखरेखीखाली होता.

राजवाड्यातील दैनंदिन वापरातही रंगावरून दर्जा ओळखला जाई. आतून-बाहेरून पिवळी भांडी सम्राट, राजमाता व सम्राज्ञी यांच्यासाठी असत. त्यांच्या खालोखाल असलेल्या राणीला बाहेरून पिवळी व आतून पांढरी भांडी मिळत. त्याखालील राण्यांच्या भांड्यांवर पिवळ्या रंगात हिरवे ड्रॅगन असत.

यामुळे सदोष भांड्यांचे काय करावे हा नाजूक प्रश्न होता. पूर्वी दुय्यम प्रतीची भांडीही बीजिंगला पाठविली जात. इ.स. १७४२ मध्ये ती जिंगदेझेन येथेच विकून टाकण्याचा आदेश आला. तांग यिंग यांनी पुढील वर्षी सम्राटाकडे निवेदन पाठवून या निर्णयातील धोका दाखवून दिला. पिवळ्या झिलईची व पाच नख्यांच्या ड्रॅगनची भांडी बाजारात आली तर सामान्य लोक ती वापरू लागतील आणि खासगी भट्ट्यांना नक्कल करण्यास निमित्त मिळेल, असा त्यांचा मुद्दा होता. सम्राटाने पिवळ्या भांड्यांबाबतची विनंती मान्य केली. पाच नख्यांचे ड्रॅगन बाहेर आधीपासूनच आढळतात, या कारणास्तव त्या भांड्यांच्या विक्रीचा निर्णय मात्र कायम ठेवला.

कारखान्याचा कारभार

इ.स. १७३५ मध्ये तांग यिंग यांनी ‘थाओछंग जीशी’ हा वृत्तान्त लिहून शिलालेखाच्या रूपाने नोंदविला. त्यात कारखान्यात होणाऱ्या झिलया व सजावटींचे ५७ प्रकार दिले आहेत. त्याचबरोबर कारभाराचा तपशीलही आहे. कारखान्याच्या वेतनावर ३०० हून अधिक कारागीर व नोकर होते. वार्षिक खर्च ८,००० टेल चांदी इतका असून तो ह्वायआनच्या जकातीतून भागविला जाई. ताटे, वाट्या, पेले, बशा अशी उत्तम प्रतीची १६,००० ते १७,००० भांडी आणि फुलदाण्या व तत्सम २,००० हून अधिक मोठी पात्रे दरवर्षी राजधानीला जात. दुय्यम प्रतीच्या गोल भांड्यांची संख्या ६०,००० ते ७०,००० होती. हा सर्व माल शरद व हिवाळ्यात ६०० हून अधिक पिंपांत भरून जलमार्गे पाठविला जाई.

कारागिरांच्या दृष्टीने या वृत्तान्तातील एक बाब महत्त्वाची आहे. मजुरी, अन्न, माती व झिलईचे साहित्य यांची किंमत बाजारभावाने दिली जात असून सक्तीची वसुली होत नाही, तसेच कारागिरांचे विवाह, अंत्यविधी व औषधोपचार यांचा खर्चही याच रकमेतून केला जातो, अशी नोंद त्यांनी केली आहे. मिंग काळातील वेठबिगारीच्या पार्श्वभूमीवर या नोंदीचे महत्त्व लक्षात येते.

त्या जुन्या काळाची आठवण गावात जिवंत होती. मिंग सम्राट वानलीच्या कारकिर्दीत ड्रॅगनची चित्रे असलेले प्रचंड रांजण पुनःपुन्हा फुटत होते आणि दरबारी अधिकाऱ्याचा जाच वाढत होता. त्या वेळी थोंग बिन या कारागिराने भट्टीत उडी घेतली व त्यानंतर रांजण अखंड निघाले, अशी आख्यायिका आहे. गावकऱ्यांनी त्याला वारा व अग्नीचा देव मानून त्याचे मंदिर उभारले. तांग यिंग यांनी थोंग बिनचे चरित्र लिहिले. टाकून दिलेला, भंगलेला एक ड्रॅगन रांजण त्यांच्या पाहण्यात आला, तेव्हा तो उचलून त्यांनी या मंदिरात चौथऱ्यावर ठेवला आणि त्याविषयी स्वतंत्र लेख लिहिला. वापरास निरुपयोगी ठरलेला हा रांजण त्यांनी कारागिराच्या प्राणार्पणाची खूण म्हणून जतन केला.

छ्येनलोंग काळ

इ.स. १७३५ मध्ये योंगझेंग सम्राटाचे निधन झाले. त्यानंतर न्यान शीयाओ पदावरून दूर झाले आणि ह्वायआनची जकात व पोर्सलिनचा कारभार दोन्ही तांग यिंग यांच्याकडे आले. इ.स. १७३९ मध्ये त्यांची नेमणूक ज्योज्यांग येथील जकात कार्यालयावर झाली. हे ठिकाण जिंगदेझेनला बरेच जवळ होते. तरीही पूर्वीप्रमाणे रोज कारखान्यात राहणे त्यांना शक्य नव्हते.

छ्येनलोंग सम्राट कलावस्तूंचा जाणकार संग्राहक होता व प्रत्येक खेपेतील भांडी बारकाईने तपासून घेई. इ.स. १७४१ मध्ये त्याने तांग यिंग यांच्याविषयी तीव्र नाराजी व्यक्त केली. भांडी ओबडधोबड आहेत, झिलई चांगली नाही, काही भांडी फुटलेली आहेत आणि योंगझेंग काळाच्या तुलनेत दर्जा बराच घसरला आहे, असा ठपका त्याने ठेवला. गेल्या वर्षांच्या खर्चाचा हिशेबही मागविण्यात आला. कारखान्यात कायम राहणारा साहाय्यक म्हणून लाओ ग यांची त्याच वर्षी नेमणूक झाली.

या नाराजीनंतरही तांग यिंग पदावर राहिले. इ.स. १७४३ मध्ये त्यांनी जाळीदार दुहेरी भिंतींच्या व एकमेकांत गुंतलेल्या भागांच्या पात्रांसह नवे प्रकार सादर केले. नव्या सम्राटाची अभिरुची अधिक अलंकृत होती. एकाच भांड्यावर अनेक झिलया एकत्र आणण्याचे कौशल्य या काळात कमालीला पोहोचले. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयातील ८६.४ सेंमी उंचीची बहुविध झिलयांची मोठी फुलदाणी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. उच्च तापमानाच्या झिलया आधी व कमी तापमानाच्या नंतर अशा क्रमाने ती अनेक वेळा भाजावी लागली. एका टप्प्यावरील चुकीने आधीचे सर्व काम वाया गेले असते.

लेखन

इ.स. १७४३ मध्ये पोर्सलिन निर्मितीची वीस चित्रे सम्राटाने तांग यिंग यांच्याकडे पाठविली व त्यांवर स्पष्टीकरण लिहिण्याची आज्ञा केली. त्यातून ‘थाओये थूश्वो’ हा ग्रंथ सिद्ध झाला. दगड खणून माती धुण्यापासून भांडी पेंढ्यात बांधून पिंपांत भरण्यापर्यंतचे टप्पे त्यात क्रमाने येतात. अखेरचे चित्र भट्टीच्या देवाच्या पूजेचे आहे.

ग्रंथाचे मोल त्यातील नेमकेपणात आहे. चुनखडीचा दगड व नेचा एकत्र जाळून केलेली राख झिलईत कशी मिसळतात, हे त्यात सांगितले आहे. झिलई फुंकण्याची पद्धतही सविस्तर दिली आहे : एक चिनी इंच व्यासाच्या व सात इंच लांबीच्या बांबूच्या नळीच्या तोंडाला तलम जाळीदार कापड बांधून ती झिलईत बुडवितात आणि भांड्याच्या आकारानुसार तीन-चार ते सतरा-अठरा वेळा फुंकर मारतात. एकरंगी झिलईचा समतोल थर या पद्धतीने साधला जाई. भट्टी सुमारे तीन दिवसांनी, चौथ्या दिवशी पहाटे उघडली जाई. भांडी ज्या मातीच्या जाड डब्यांत ठेवलेली असत ते तोवर लालसर तप्त असत. कामगार दहाहून अधिक पदरी कापडी हातमोजे थंड पाण्यात भिजवून व डोके, चेहरा आणि खांदे ओल्या कापडाने झाकून आत शिरत, असे वर्णन तांग यिंग यांनी केले आहे.

तांग यिंग यांनी नाट्यलेखनही केले. ‘गूबाय थांग’ या संग्रहात त्यांची १७ नाटके आहेत. त्यांतील काहींची कथानके त्यांनी लोकरंगभूमीवरून घेतली होती.

अखेरचा काळ

छ्येनलोंग कारकिर्दीच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यांची बदली ग्वांगदोंग येथील जकात कार्यालयावर झाली व पोर्सलिनचे काम इतरांकडे गेले. इ.स. १७५२ मध्ये ते ज्योज्यांगला परतले आणि कारखान्याचा कारभार पुन्हा त्यांच्याकडे आला. इ.स. १७५६ मध्ये आजारपणामुळे त्यांनी पद सोडले व त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

वारसा

शाही भांड्यांच्या तळाशी सम्राटाच्या कारकिर्दीचे नाव लिहिले जाई. करवून घेणाऱ्या अधिकाऱ्याचे किंवा घडविणाऱ्या कारागिराचे नाव नसे. त्यामुळे तांग यिंग यांच्या देखरेखीखालील असंख्य भांड्यांवर त्यांचा उल्लेख आढळत नाही. त्यांचे नाव असलेली भांडी मोजकीच असून ती त्यांनी वैयक्तिकरीत्या करवून घेतलेली आहेत. बीजिंगजवळील दोंगबा येथील देवीच्या मंदिराला त्यांनी अर्पण केलेली निळ्या-पांढऱ्या रंगाची पूजापात्रे त्यांपैकी होत. त्यांवर त्यांची पदे, नाव व इ.स. १७४१ हे वर्ष सूचित करणारा लेख आहे.

तांग यिंग यांच्यानंतरही कारखाना चालू राहिला आणि त्यांनी स्थिर केलेल्या झिलया पुढील पिढ्यांनी वापरल्या. इ.स. १८१५ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘जिंगदेझेन थाओलू’ या ग्रंथात त्यांच्या भट्टीचा गौरवपूर्ण उल्लेख आहे. या ग्रंथाचा स्तानिस्लास ज्युलियाँ यांनी केलेला फ्रेंच अनुवाद इ.स. १८५६ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘थाओये थूश्वो’चे इंग्रजी भाषांतर स्टीफन बुशेल यांनी केले. छिंग राजवंशाच्या इतिहासाच्या मसुद्यात कलावंतांच्या चरित्रांमध्ये तांग यिंग यांचा समावेश आहे. त्यांच्या काळातील एकरंगी झिलईची भांडी बीजिंग व तैपेई येथील राजवाडा संग्रहालयांत तसेच लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात पाहावयास मिळतात.